मुलांभोवतीची मोठी माणसं

मुलांच्या मानसिक आघातावर काम करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक शांत खोली येते. खाली सतरंजी, कोपऱ्यात बाहुल्या आणि रंगपेट्या, समोर एक मूल आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलणारी मानसतज्ज्ञ. अशी खोली लागतेच. पण आघात सोसलेली आपल्याकडची बहुतेक मुलं त्या खोलीपर्यंत पोचत नाहीत. ती पोचतात वर्गशिक्षिकेपर्यंत, आश्रमशाळेच्या अधीक्षकांपर्यंत, बालगृहातल्या काळजीवाहक ताईंपर्यंत, फार तर पोलीस ठाण्यातल्या अंमलदारापर्यंत. या माणसांनी पहिल्या दहा मिनिटांत काय केलं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. म्हणून या क्षेत्रात दीर्घकाळ टिकणाऱ्या मानसतज्ज्ञाचं काम वर्षागणिक खोलीबाहेर सरकत जातं. मुलांवर उपचार करता करता तो मुलांभोवतीच्या मोठ्या माणसांना शिकवू लागतो. माझ्या मते या करिअरचा गाभा हाच आहे, आणि त्याची तयारी मात्र फार थोडे लोक करतात.

वाट तशी ठरलेली आहे. मानसशास्त्रातली पदवी, मग एम.ए., आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी हवी असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही या मान्यतेशी बांधलेली आहे. समुपदेशकाच्या जागांवर एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. झालेली मुलंमुली लागतात, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहं, शाळा इथं प्रत्यक्षात भेटतात ती तीच. पदवी कुठलीही असली तरी आघाताचं काम पुस्तकातून हाती येत नाही. अनुभवी माणसाच्या सुपरव्हिजनखाली, एकेक केस घेऊन, चुका वेळीच पकडल्या जात ते हाती बसतं.

आपल्याकडे या कामाची मुळं जुनी आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचं बालमार्गदर्शन केंद्र मुंबईत १९३७ साली सुरू झालं. १९९६ मध्ये याच संस्थेच्या आधारानं १०९८ ही संकटातल्या मुलांसाठीची चाइल्डलाइन सुरू झाली. त्याआधी, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून झोपलेल्या लातूर-उस्मानाबादच्या गावांवर किल्लारीचा भूकंप कोसळला. त्या काळात जगभर असा समज होता, की आपत्तीनंतर लोकांना लगेच एकत्र बसवून घडलेलं सगळं बोलायला लावलं की मन मोकळं होतं. पुढच्या अभ्यासांनी तो खोडून काढला. एका बैठकीत सगळं वदवून घेतल्यानं फायदा होत नाही, काहींचं तर दुखणं वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये दिलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत म्हणून तीनच क्रिया आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला तातडीची मदत लागतेय ते पाहा, बोलायचं असेल तर ऐका, आणि पाणी, निवारा, हरवलेली माणसं, दवाखाना यांच्याशी त्यांना जोडून द्या. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तशा प्रसंगी ‘सांग बाळा, काय पाहिलंस’ असं विचारत फिरणारा उत्साही स्वयंसेवक थांबवणं हेही प्रशिक्षकाचंच काम असतं.

आघात सगळे एकाच जातीचे नसतात. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथं शाळेच्या बससह २६ मुलांचं अपहरण झालं होतं. त्या मुलांचा पुढं वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या लिनोर टेर यांनी १९९१ साली एक साधी विभागणी मांडली. एकदाच अचानक घडलेला प्रसंग एक, आणि पुन्हा पुन्हा घडत राहिलेला छळ दुसरा. पहिल्या प्रकारात मुलाला तपशील लख्ख आठवतात, ते त्याचेच खेळ खेळत राहतं. दुसऱ्या प्रकारात मूल बधिर होतं, आठवणींत भोकं पडतात, राग एकदम उसळतो. दरडीतून वाचलेलं मूल आणि रोज रात्री दारू पिऊन आईला मारणाऱ्या बापाच्या घरातलं मूल यांना एकच पत्रक देऊन चालत नाही, ते याच कारणानं. दुसऱ्या मुलाचा प्रसंग संपलेलाच नसतो.

शिक्षकांच्या कार्यशाळेत हमखास होणारी चूक म्हणजे मेंदू. पडद्यावर अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस, कॉर्टिसॉलचे आलेख. लोक माना डोलावतात, फोटो काढतात, आणि सोमवारी वर्गात पहिल्या बाकावरचं पोर डोकं खाली घालून बसलं की तेच जुनं ‘लक्ष कुठंय तुझं?’ बाहेर पडतं. मेंदूचं शास्त्र खोटं नाही, पण त्याला वीस मिनिटं पुरतात. घाबरलेलं शरीर आधी स्वतःला वाचवतं आणि शिकायचं मागं पडतं, एवढं कळलं तरी बास. लहानपणी छळ, दुर्लक्ष, घरातली हिंसा असं किती प्रकारचं सोसलं ते मोजणाऱ्या ‘बालपणातल्या प्रतिकूल अनुभवां’च्या गुणांकाचीही तीच गत. १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी सॅन दिएगोतून तो अभ्यास प्रसिद्ध केला, आणि लहानपणचे घाव व प्रौढपणीचे आजार यांचा संबंध जगापुढं आणला. काम मोठंच होतं. पण ते लोकसंख्येविषयी होतं. कार्यशाळेत प्रश्नावली वाटून ‘तुझे किती गुण?’ असं विचारणं, किंवा सहा गुणांचं मूल म्हणजे गेलेलं मूल असं धरून चालणं, हा त्याचा गैरवापर आहे. असा वापर करू नका, असं २०२० मध्ये खुद्द अँडा यांनीच सहकाऱ्यांबरोबर लिहिलं.

वेळ द्यायचा तो सरावाला. त्यातला एक सराव माझ्या मते सगळ्यांत मोलाचा आहे: मूल काहीतरी सांगतं, तेव्हा काय करायचं. गट पंचवीसच्या वर नको. तिघातिघांच्या तुकड्या करायच्या. एक जण मूल, एक शिक्षक, एक निरीक्षक. मुलाच्या हातात चिठ्ठी असते: ‘मधल्या सुट्टीत थांबायचं, पोट दुखतं म्हणायचं, विचारलं तर सांगायचं की काका रात्री खोलीत येतात.’ सात मिनिटं. निरीक्षकानं बोलायचं नाही, फक्त शिक्षकानं विचारलेले प्रश्न जसेच्या तसे कागदावर उतरवायचे.

कागद वाचायला घेतले की चुका आपोआप पुढं येतात. पहिली, ‘मी कुणाला सांगणार नाही’ हे वचन. ते मोडावंच लागतं, कारण कायदा मोडायला लावतो, आणि मोडल्यावर मुलाचा उरलासुरला विश्वासही जातो. दुसरी, ‘का’नं सुरू होणारे प्रश्न. ‘आधी का नाही सांगितलंस?’ यात दोष मुलाकडे सरकतो. तिसरी, उत्तर आत दडलेले प्रश्न: ‘त्यांनी तुझ्या छातीला हात लावला का?’ मूल हो म्हणतं, आणि पुढं कोर्टात बचावाचा वकील नेमकं तेच वाक्य उचलतो. चौथी, खात्री करून घ्यायची म्हणून मुख्याध्यापकांना बोलावून मुलाला सगळं पुन्हा सांगायला लावणं. पाचवी चूक प्रेमापोटी होते: न विचारता जवळ घेणं.

बरोबर वागणं याहून खूप साधं असतं. बसून, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन ऐकायचं. ‘मग?’ आणि ‘अजून काही सांगायचंय?’ यापलीकडे फारसं विचारायचं नाही. तीन गोष्टी सांगायच्या: तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे अमुक माणसांना सांगावं लागेल. त्यानंतर त्याच दिवशी, तारीख-वेळ टाकून, मुलाचेच शब्द लिहून ठेवायचे. मूल ‘शूची जागा’ म्हणालं असेल तर कागदावर ‘शूची जागा’च यायला हवं. त्या जागी शास्त्रीय शब्द घालणारा शिक्षक नकळत पुरावा कच्चा करतो.

इथं कायद्याचं भान पक्कं लागतं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२चा. कलम १९नुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येकानं ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायचीच असते. दिली नाही तर कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर एक वर्षापर्यंत. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, गणवेश न घालता, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी घ्यायचा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. २०२०च्या नियमांनुसार खटला संपेपर्यंत सोबत राहणारी सपोर्ट पर्सन नेमता येते, आणि ही तरतूद फार कमी पालकांना ठाऊक असते. शिक्षकांच्या मनातली भीती मात्र कायद्याहून मोठी असते: शाळेचं नाव जाईल, गावात राहणं मुश्कील होईल. ती हसण्यावारी नेऊ नये. एकट्या शिक्षकावर न टाकता शाळेनं कळवायची पद्धत आधीच लिहून ठेवली, कोण फोन करणार ते ठरवलं, तर ती भीती पुष्कळ उतरते. आणि मुलगे यातून सुटलेले नाहीत हे आवर्जून सांगावं लागतं. केंद्र सरकारच्या २००७च्या १३ राज्यांतल्या पाहणीत १२,४४७ मुलांशी बोलणं झालं, ५३.२२ टक्क्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं.

निवासी संस्थांचं प्रशिक्षण वेगळं, कारण तिथला कठीण काळ रात्रीचा. ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यातून आईवडील कारखान्यांकडे जातात, मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात. बालगृहातल्या मुलांची कहाणी त्याहून तुटलेली. दिवसा खेळताना दिसणारं मूल रात्री अंथरूण ओलं करतं, भाकरीचा तुकडा उशीखाली दडवतं, कुणी पाठीमागून हात ठेवला की अंगावर धावून जातं. अधीक्षकांच्या वहीत याची नोंद ‘बेशिस्त’ अशी पडते. त्यांना सांगायच्या गोष्टी अगदी बारीक असतात: रात्री बोळात मंद दिवा ठेवा. झोपलेल्या मुलाला हलवून उठवू नका, लांबून नावानं हाक मारा. ओली चादर चारचौघांत वाळत घालायला लावू नका. अन्न दडवणाऱ्याला शिक्षा न करता, रात्री भूक लागली तर पोळी कुठं मिळेल ते दाखवून ठेवा. चार-सहा आठवड्यांत दडवणं बहुधा कमी होतं. आणि तपासणीला पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी मुलांना सांगा, कारण अनोळखी माणूस अचानक दारात उभा राहणं हे काही मुलांसाठी साधं नसतं.

घाबरलेल्या मुलाला भानावर आणण्याची युक्ती सगळ्यांना आवडते. दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, कानावर पडणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. यातही दोन खाचखळगे आहेत. ‘डोळे मिट’ म्हणायचं नाही. अत्याचार झालेल्या मुलाला डोळे मिटले की तेच दिसतं. आणि ‘खोल श्वास घे’ म्हटलं की मूल छाती फुगवून भराभर हवा ओढतं, मग हातापायाला मुंग्या येतात आणि घाबरणं वाढतं. जोर सोडण्यावर द्यायचा: चार आकडे घ्यायचा, सहा आकडे सोडायचा, गरम चहावर फुंकर घालावी तसा.

खोलीतल्या उपचाराकडे येऊ. जुडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी घडवलेली आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा उपचार) ही मुलांसाठी सगळ्यांत जास्त तपासली गेलेली पद्धत आहे. साधारण १२ ते १६ बैठका, मुलाबरोबर आणि पालकांबरोबर समांतर. आधी आघाताची माहिती, शरीर शांत करण्याचे मार्ग, भावना ओळखणं, विचार आणि भावना यांचं नातं. मग घडलेलं टप्प्याटप्प्यानं सांगणं, लिहिणं किंवा चित्रात मांडणं. शेवटी पालकांसमोर ते वाचणं आणि पुढच्या सुरक्षिततेची तयारी. शिकाऊ मानसतज्ज्ञ दोन ठिकाणी अडखळतात. एक, ते पहिल्या टप्प्यातच घोटाळत राहतात. दहा-दहा बैठका श्वास आणि चित्रं, कारण मुलाला त्रास होईल ही भीती. बहुतेक वेळा ती भीती मुलाची नसून उपचारकाची असते, आणि मूल त्यातून एवढंच शिकतं, की माझ्यावर जे गुदरलं ते या माणसालाही ऐकवत नाही. दुसरी चूक याच्या उलट आणि जास्त घातक: छळ अजून चालू असताना, मूल रोज त्याच घरी परतत असताना, आठवणी उकरणं. आधी सुरक्षितता, मग सांगणं. हा क्रम बदलायचा नाही.

किशोरवयीनांचं काम बालआघातापासून वेगळं काढता येत नाही. जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत मानसिक आजारांपैकी ३४.६ टक्के १४व्या वर्षाआधी, ४८.४ टक्के १८च्या आधी आणि ६२.५ टक्के २५च्या आधी सुरू झालेले दिसले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. १,७६४ एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या निर्देशांत १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमणं आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण देणं बंधनकारक केलं. कागदावर हे फार चांगलं आहे. मला काळजी वाटते ती दोनशे लोकांना सभागृहात बसवून तीन तासांत दोन्ही प्रशिक्षणं उरकली जातील याची.

अशा प्रशिक्षणात एक गोष्ट जमली तरी पुष्कळ: थेट विचारणं. ‘जगू नये असं वाटतं का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे शिक्षकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही आणि व्याख्यान द्यायचं नाही. स्टॅन्ली आणि ब्राउन यांची सुरक्षा-योजना एका पानावर मावते: वाईट वेळ येतेय हे कशावरून कळतं; एकट्यानं काय करून बरं वाटतं; कुठं गेलं, कुणात बसलं की मन वळतं; कुणाकडं मदत मागता येईल; कुठल्या तज्ज्ञाला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा; आणि घरातली धोक्याची वस्तू दूर कशी ठेवायची. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्या पानावर मुलानं स्वतःच्या हातानं लिहावा. शेवटच्या मुद्द्यावर पालकांना घेऊनच बसावं लागतं, कारण शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाचा डबा कुलपात जाणं हा निर्णय मोठ्यांचा असतो. ‘आई-बाबांचा विचार कर’ हे वाक्य मात्र टाळावं. मुलानं तो आधीच केलेला असतो, आणि बहुधा आपण त्यांना ओझं झालोय असंच त्याला वाटत असतं.

शाळेत हे काम कुणी करायचं, यावर बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला ‘सेहर’ अभ्यास फार बोलका आहे. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकच कार्यक्रम काही शाळांत स्थानिक, विशेष पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी चालवला, काहींत शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि उदासी घटली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक कमी पडतात असा अर्थ मी काढत नाही. आधीच्या कामांच्या ढिगावर आणखी एक काम ठेवलं की ते होत नाही, आणि शिकवणाऱ्या, गुण देणाऱ्या माणसापाशी मन मोकळं करणं मुलांना अवघड जातं. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेनं दिल्लीच्या सरकारी शाळांत चित्रकथांच्या पुस्तिकांतून असंच काम केलं: प्रश्न नेमका काय ते धर, पर्याय काढ, त्यातला एक करून बघ. चार-पाच छोट्या बैठका, त्याही मानसतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी घेतलेल्या. म्हणजे शिक्षकानं ओळखायचं आणि जोडून द्यायचं, समुपदेशकानं धरून ठेवायचं, आणि मानसतज्ज्ञानं या दोघांच्या पाठीशी राहायचं.

पाठीशी राहणं म्हणजे सुपरव्हिजन, आणि पैसे नेमके त्यालाच मिळत नाहीत. देणगीदाराला कार्यशाळेचा फोटो हवा असतो. सहा महिन्यांनी आठ समुपदेशक गोल बसून एका अडलेल्या केसबद्दल दोन तास बोलतात, त्याचा फोटो कुणाला नको असतो. तरी बजेट मांडताना दोन दिवसांच्या कार्यशाळेबरोबर निदान सहा मासिक बैठका धराव्यात, आणि कात्री लागली तर कार्यशाळेचा दुसरा दिवस सोडावा, बैठका सोडू नयेत. बैठकीत एकानं एक केस मांडायची, नाव-गाव बदलून. तो नेमका कुठं अडकला ते एका वाक्यात सांगायचं. बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला शेवटच्या पंधरा मिनिटांत. आणि दर वेळी शेवटी प्रत्येकानं स्वतःच्या झोपेबद्दल बोलायचं. दिवसभर असं ऐकणाऱ्यांची झोप आधी उडते, मग चिडचिड येते, मग ‘या मुलांचं काही होत नाही’ असा कोरडेपणा. तो आल्यावर रजा घेऊन फार उपयोग होत नाही; झोप उडाली तेव्हाच केसेस कमी करायला हव्यात.

कामाच्या उत्तरार्धात मानसतज्ज्ञ प्रशिक्षकांचे प्रशिक्षक घडवू लागतो. जिल्ह्यातून दहा जण तयार करायचे, त्यांनी तालुक्यात शिकवायचं, तालुक्यानं केंद्रशाळेत. या उतरंडीत सगळ्यांत आधी गळतो तो सराव, कारण तिघातिघांची तुकडी सांभाळायला धीर लागतो आणि स्लाइड वाचायला लागत नाही. त्यावर उपाय आहेत, थोडे कष्टाचे. नव्या प्रशिक्षकानं एक कार्यशाळा बघायची, दुसरीत फक्त सरावाचा भाग चालवायचा, तिसरी पूर्ण घ्यायची, आणि मूळ प्रशिक्षकानं मागं बसून टिपणं काढायची. सराव पहिल्या दिवशी सकाळच्या सत्रातच ठेवायचा, जेवणानंतर नव्हे. वेळ कमी पडला तर मेंदूच्या स्लाइड जाव्यात, चिठ्ठ्या नव्हे. आणि त्या चिठ्ठ्यांवरचे प्रसंग ज्या त्या तालुक्यातल्या लोकांकडून लिहून घ्यायचे, कारण नंदुरबारच्या आश्रमशाळेतलं मूल जे सांगतं ते पुण्यात बसून सुचत नाही.